तळ्यात की मळ्यात: कौटुंबिक होडीचा स्थैर्यविचार

‘स्थिर’ या विशेषणाचा अर्थ नौकाशास्त्रात एक आणि कुटुंबात दुसरा असतो, आणि शिडाच्या लहान होडीच्या खरेदीतून जे गैरसमज, जे रुसवे आणि जे ओले कपडे निर्माण होतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या द्व्यर्थात सापडते. नौकाशास्त्राच्या दृष्टीने जी होडी कलल्यावर पुन्हा सरळ होते ती स्थिर. कुटुंबाच्या दृष्टीने जी मुळात कलतच नाही ती स्थिर. पहिल्या व्याख्येत बसणाऱ्या होड्या पुष्कळ आहेत. दुसऱ्या व्याख्येत बसणारी वस्तू एकच असून तिला घराचा ओटा म्हणतात.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यासारखा सोयीचा प्रदेश क्वचितच आढळेल. तेथील मोटारींच्या पाट्यांवर ‘दहा हजार तळी’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत, त्यामुळे सरकारी पाटीवर खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहिल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण ठरते. नोकरीच्या निमित्ताने मिनियापोलिसच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने घर घेतले, बर्फ हटवण्याचे यंत्र घेतले, आणि अंगणात लावलेली मेथी सशांनी खाल्ली, की त्यानंतरच्या एखाद्या उन्हाळ्यात त्याची नजर तळ्याकडे वळते. मोटारबोटीला इंधन लागते आणि वारा फुकट असतो, या युक्तिवादावर शिडाची होडी घेण्याचे ठरते. हा युक्तिवाद भौतिकशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आणि जमाखर्चाच्या दृष्टीने पूर्णपणे दिशाभूल करणारा असतो. अशा कुटुंबाचा पाण्याशी पूर्वसंबंध बहुधा खडकवासल्याच्या काठावर कणीस खाण्यापुरता असतो. मात्र नातेवाइकांत कोणीतरी मालवणकडचे निघतेच, आणि त्यांनी स्वतः कधी सुकाणू हातात धरलेले नसले तरी पूर्वजांच्या बळावर दूरध्वनीवरून सल्ला देण्याचा त्यांचा अधिकार सर्वमान्य असतो.

होडीला स्थैर्य दोन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग आकाराचा: होडी रुंद आणि तळाशी सपाट असली की ती पाण्यावर पाटासारखी बसते आणि एका बाजूला दाबली असता त्या बाजूचे पाणी तिला लगेच वर ढकलते. येथे रुंदीचा प्रभाव विलक्षण आहे, कारण इतर मापे तीच ठेवल्यास कलण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे होडी सव्वापट रुंद केली तर तो जवळजवळ दुप्पट होतो. दुसरा मार्ग वजनाचा: होडीच्या तळाखाली कण्यात लोखंड किंवा शिसे भरायचे, म्हणजे ती तंजावरच्या बाहुलीप्रमाणे हवी तेवढी डोलते आणि पुन्हा उभी राहते. जहाजाच्या पोटात खाली ठेवलेल्या अशा भाराला जुन्या मराठीत नीरम म्हणत.

या दोन प्रकारांच्या होड्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध असतात, आणि नेमके येथेच कुटुंब फसते. पाटासारखी होडी सुरुवातीला मुळीच कलत नाही, त्यामुळे धक्क्यावर उभे राहून तिच्यात पाय ठेवणाऱ्याला ती अत्यंत भरवशाची वाटते. परंतु एका मर्यादेपलीकडे कलल्यावर ती कोणताही इशारा न देता पालथी होते. बाहुलीच्या जातीची होडी पाय ठेवताक्षणीच कलते, वाऱ्याची पहिली झुळूक येताच कलते, आणि चहा ओतताना हमखास कलते. मात्र वारा जितका वाढेल तितका तिचा विरोधही वाढतो आणि शेवटी ती कोणाचेच काही वाईट होऊ देत नाही. पहिल्या गुणाला प्रारंभिक स्थैर्य आणि दुसऱ्याला अंतिम स्थैर्य असे म्हणता येईल. प्रत्येक घराण्यात या दोन्ही प्रवृत्तींची माणसे असतात: एक वर्षानुवर्षे शांत राहून एका लग्नात जेवणाच्या पंक्तीतून उठून जाणारी, दुसरी रोज कुरकुरणारी आणि अडचणीच्या रात्री सर्वांत आधी दारात उभी राहणारी. होडी विकत घेताना मात्र सगळी कुटुंबे पहिल्या प्रवृत्तीवरच भाळतात, कारण होडीची परीक्षा धक्क्यावर केली जाते आणि धक्क्यावर वारा नसतो.

कललेली होडी सरळ का होते, याची शास्त्रशुद्ध मांडणी प्येर बुगेर या फ्रेंच पंडिताने १७४६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. पृथ्वीचा आकार मोजण्याच्या मोहिमेत अँडीज पर्वतावर अनेक वर्षे काढलेल्या माणसाने जहाज का बुडत नाही हे जगाला समजावून सांगावे, यात काहींना विसंगती दिसेल. पण पाण्यापासून पुरेसे उंच गेल्याशिवाय पाण्याबद्दल स्वस्थचित्ताने विचार करता येत नाही, असाही त्याचा अर्थ लावता येतो. होडी कलते तेव्हा तिच्या बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूकडे सरकतो; या सरकलेल्या जोराची उभी रेषा होडीच्या मधल्या रेषेला जेथे छेदते, त्या बिंदूला बुगेरने मेटासेंटर असे नाव दिले. एकूण वजनाचा मध्य या बिंदूच्या खाली आहे तोवर होडी सरळ होण्याचा प्रयत्न करीत राहते, आणि तो वर गेला की तो प्रयत्न सोडून देते. तात्पर्य, होडीत उभे राहून छायाचित्र काढणारा मनुष्य केवळ छायाचित्र काढत नसतो, तर सर्वांचा गुरुत्वमध्य वर उचलत असतो.

हे ज्ञान उपलब्ध होण्यापूर्वी स्थैर्याची चाचणी कशी घेतली जाई, याचे उदाहरण स्वीडनच्या ‘वासा’ या युद्धनौकेने दिले आहे. ६४ तोफा आणि तोफांचे दोन मजले असलेल्या या भव्य जहाजाची परीक्षा घेण्यासाठी बंदरात उभे असतानाच त्याच्या डेकवरून तीस खलाशांना एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पळवण्यात आले. तीन फेऱ्यांनंतर जहाज इतके डोलू लागले की ते तेथेच उलटेल या भीतीने चाचणी थांबवण्यात आली. चाचणी थांबली, जहाजाची तयारी मात्र थांबली नाही, कारण राजा युद्धावर होता आणि त्याला घाई होती. १० ऑगस्ट १६२८ रोजी वासा स्टॉकहोमहून निघाली आणि सुमारे १,३०० मीटर अंतर कापून बुडाली; १९६१ साली तिला वर काढण्यात आले व आता तिचे स्वतंत्र संग्रहालय आहे. अभ्यासकांनी या घटनेतून जहाजबांधणीविषयी पुष्कळ निष्कर्ष काढले, परंतु कौटुंबिक नौकानयनाशी तिचा असलेला संबंध अद्याप दुर्लक्षित राहिला आहे. आठ आणि अकरा वर्षांच्या दोन मुलांना लहान होडीत बसवून ‘तो बघ मासा’ एवढे दोनच शब्द अधिक एक क्रियापद उच्चारले की वासावरील तीस खलाशांची संपूर्ण चाचणी आपोआप पार पडते, आणि ती तीन फेऱ्यांनंतर थांबवण्याचा अधिकार कोणालाच नसतो.

येथे मूळ मुद्द्याकडे येणे आवश्यक आहे. आई, वडील, दोन मुले आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी यांचे एकत्रित वजन डबे व पाण्याच्या बाटल्या धरून पावणेतीनशे किलोंच्या घरात जाते. आणि ‘डे सेलर’ या पावणेसतरा फुटी, अमेरिकेत अतिशय लोकप्रिय असलेल्या कौटुंबिक होडीचे वजन सुमारे २६० किलो आहे. दुसऱ्या शब्दांत, तळ्याच्या मध्यावर तरंगणाऱ्या वस्तूचा निम्म्याहून अधिक भाग होडी नसून कुटुंब असतो. वजनदार कण्याच्या मोठ्या नौकेला तिचे नीरम खाली बोल्टने जखडलेले असते, तर लहान होडीचे नीरम हालते, बोलते, रुसते आणि त्याला मध्येच भूक लागते. अशा परिस्थितीत ‘स्थिर होडी कोणती’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारणे म्हणजे अर्ध्या वस्तूविषयीची चौकशी करणे होय. उरलेल्या अर्ध्या वस्तूच्या स्थैर्याची हमी कोणताही विक्रेता देत नाही.

अमेरिकन कायद्यानेही या बाबतीत सावध मौन पाळले आहे. वीस फुटांपेक्षा लहान मोटारबोटींवर किती माणसे व किती वजन चालेल हे सांगणारी पट्टी लावणे तेथे बंधनकारक आहे, परंतु शिडाच्या होड्यांना या नियमातून वगळलेले आहे. मराठी कुटुंबाला ही मोकळीक फार मानवते, कारण एसटीत आणि लोकलच्या चौथ्या सीटवर घडलेल्या समाजात आसनक्षमता ही संख्या नसून ‘जरा सरकून घ्या’ या विनंतीला मिळणारा प्रतिसाद असतो. योगायोग असा की शिडाच्या होडीत नेमके हेच कौशल्य लागते. वाऱ्याने होडी एका बाजूला कलू लागली की सर्वांनी दुसऱ्या, म्हणजे वारा येतो त्या आणि वर उचलल्या गेलेल्या बाजूला सरकायचे असते. अडचण एवढीच की एसटीत माणूस मोकळ्या जागेकडे सरकतो आणि होडीत त्याला चढावाकडे सरकावे लागते, तर शरीराची स्वाभाविक ओढ उताराकडे असते. त्यातच ‘अहो, इकडे कललीय’ असे ओरडून कललेली बाजू दाखवण्यासाठी कुटुंब एकमताने त्याच बाजूला जाते.

प्रत्यक्ष होड्यांकडे वळल्यास ‘सनफिश’चा उल्लेख प्रथम करावा लागतो, तो केवळ तिच्या प्रचंड खपासाठी नव्हे. १९५० च्या दशकाच्या आरंभी कनेक्टिकटमध्ये जन्मलेल्या या पावणेचौदा फुटी होडीचे त्रिकोणी शीड आखूड डोलकाठीवर तिरक्या लावलेल्या काठीला टांगलेले असते; अशा तिरक्या काठीला कोकणात परबाण म्हणतात आणि मचव्याचे शीड याच कुळातील आहे. मालवणच्या नातेवाइकांना छायाचित्र पाठवल्यास ते ही आपलीच होडी असल्याचे जाहीर करतात. तथापि सनफिश ही वस्तुतः मधोमध पाय ठेवण्यापुरता खड्डा असलेली फळी आहे. तिच्यावर एक जण आनंदात राहतो, दोघे समजुतीने राहतात, आणि तिसऱ्याला पोहता यावे लागते.

दोन सडपातळ सांगाडे शेजारी जोडून केलेल्या कॅटमरानचे नाव तमिळमधील ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडे, या शब्दावरून आले आहे. तिची रुंदी पाहून कुटुंब तिच्याकडे आकृष्ट होते आणि ते सुरुवातीला चुकीचेही नसते, कारण सिंधुदुर्गातील मासेमार होडीच्या कडेला आडव्या दांड्यांनी ओंडका जोडून जी उलांडी तयार करतात, तिच्यामागेही आधाराचे पाऊल दूर टाकण्याचे हेच तत्त्व आहे. मात्र हॉबीसारखी क्रीडा-कॅटमरान ही वेगासाठी असते, तिच्यावर पाठ टेकायला काही नसते, पाणी खालून जाळीतून येते, आणि ती एकदा पूर्ण पालथी झाली की त्याही अवस्थेत तितकीच स्थिर असते. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण येथे उपयोगी नाही, कारण पाणी घड्याखाली असते.

मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांचे खरे स्थानिक अपत्य म्हणजे ‘स्काऊ’, पसरट तळाची आणि बोथट नाकाची शर्यतीची होडी. लांबून ती परातीसारखी शांत दिसते. प्रत्यक्षात ती मुद्दाम कलवून चालवायची असते, कारण कलल्यावर तिचा पाण्याला टेकणारा भाग अरुंद होतो आणि वेग वाढतो. ज्या होडीला कलल्याशिवाय बरे वाटत नाही, तिच्यावर साबुदाण्याची खिचडी नेऊ नये.

या सर्व विचारात ज्या होडीपाशी थांबावे असे प्रस्तुत विवेचनाचे मत आहे ती ‘फ्लाइंग स्कॉट’. तत्पूर्वी ‘थिसल’ ही चपळ, आणि चालवणाऱ्यांना सतत कडेवर लटकत ठेवणारी नौका रचलेल्या गॉर्डन डग्लस यांनी १९५७ साली ही १९ फुटी होडी रचली, आणि मेरीलँड राज्यातील डीप क्रीक या डोंगराळ तळ्याच्या परिसरात तिची बांधणी झाली. पावणेसात फूट रुंदी, सुमारे ३८५ किलो वजन, फळी वर घेतल्यावर जेमतेम आठ इंच पाण्यात चालण्याची सोय, आणि कडेवर न लटकता आत बसता येईल असा खोलगट भाग, ही तिची वैशिष्ट्ये पाहता रचनाकाराला कुटुंब ही संस्था ठाऊक होती, असे मानावयास जागा आहे. याहून निश्चिंत व्हायचे तर ‘कॅटलिना २२’सारखी नौका आहे, तिच्या टनभर वजनापैकी सुमारे अडीचशे किलो खालच्या लोखंडी कण्यात असते आणि तिच्या छोट्या खोलीत पावसात बसताही येते. पण ती ओढायला मोठी गाडी लागते, आणि त्यामुळे होडीच्या खरेदीची चर्चा गाडीच्या खरेदीवर जाते, जेथून ती क्वचितच परत येते.

फळीविषयी येथे खुलासा केला पाहिजे. लहान होडीच्या मध्यातून खाली पाण्यात सोडलेल्या सेंटरबोर्ड नावाच्या फळीमुळे होडी स्थिर राहते, असा व्यापक समज आहे. वास्तविक ही फळी होडीला वाऱ्याबरोबर आडवे घसरू देत नाही, एवढेच तिचे मुख्य काम; होडी उलटल्यावर मात्र तिच्यावर उभे राहून होडी सरळ करता येते. फळीचे खरे महत्त्व अशा रीतीने कुटुंबाला पाण्यात पडल्यानंतर कळते. त्या वेळी डोलकाठीच्या टोकाला बांधलेला छोटा तरंगता फुगाही उपकारक ठरतो, कारण तो डोलकाठीला पाण्याखाली जाऊ देत नाही आणि होडी आडवी पडून तशीच थांबते.

वाऱ्याचा विचार करताना मराठी भाषेने दिलेले शिक्षण जपून वापरावे लागते. ‘वारा येईल तशी पाठ द्यावी’ ही म्हण व्यवहारात कितीही हिताची असली, तरी वाऱ्याला पाठ देऊन चालणारी शिडाची होडी ही सर्वांत फसवी अवस्था असते: वारा लागेनासा होतो, ऊन छान वाटते, आजींना डुलकी लागते, आणि सुकाणू थोडे चुकताच शिडाच्या खालची आडवी दांडी, जिला बूम म्हणतात, डोक्यांच्या उंचीवरून एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते. उलट ‘वाऱ्यावर सोडणे’ हा वाक्प्रचार मराठीत बेजबाबदारपणाचा द्योतक असला, तरी होडीत तोच जबाबदारीचा कळस ठरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो, आणि तळ्यावरचा वारा झाडी, टेकड्या व घरे यांना वळसे घालून येत असल्याने कोणत्या क्षणी कोठून येईल ते सांगता येत नाही. अशा वेळी शिडाची दोरी हातातून सोडली की शीड फडफडू लागते, वारा निसटतो आणि होडी उभी राहते. परंतु मध्यमवर्गीय गृहस्थाचा पिंड असा असतो की संकट आले की हातात असेल ते घट्ट धरायचे, आणि आणखी सुरक्षिततेसाठी त्याला गाठ मारायची. जितकी पक्की गाठ तितकी जलद आंघोळ, हा नियम त्याला कोणी शिकवलेला नसतो. ‘दोन दगडांवर पाय’ ही म्हण मात्र जशीच्या तशी लागू पडते; एक पाय धक्क्यावर आणि एक होडीत असता डबा कोणाकडे द्यावा यावर चर्चा सुरू झाल्यास होडी हळूहळू दूर जाऊ लागते.

मुलांच्या ‘तळ्यात-मळ्यात’ या खेळाप्रमाणे होडीचीही दोन स्थाने असतात, आणि तिचे बहुतांश आयुष्य मळ्यात, म्हणजे घरामागे ताडपत्रीखाली जाते, कारण मिनेसोटातील तळी वर्षातील चार-पाच महिने गोठलेली असतात. उरलेल्या महिन्यांत ती ट्रेलरवरून तळ्यापर्यंत न्यावी लागते, आणि कुटुंबाच्या स्थैर्याची कसोटी वास्तविक पाण्यात नव्हे तर रॅम्पवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या उतारावर लागते. मागे घेताना ट्रेलर सुकाणूचक्राच्या उलट दिशेला वळतो. गाडीत एक जीवनसाथी आणि बाहेर हातवारे करणारा दुसरा, अशी रचना असते. ‘डावीकडे’ म्हणजे कोणाच्या डावीकडे हा प्रश्न अनेक वर्षांच्या संसारानंतरही अनिर्णित राहिलेला असतो. आणि मागे मासेमारीला निघालेल्या स्थानिकांची रांग अत्यंत सौजन्याने पाहत असते. नव्या होडीची पूजा हा आणखी एक गहन विषय आहे. लिंबू ट्रेलरच्या चाकाखाली ठेवता येते, परंतु नारळ होडीच्या नाळेवर फोडल्यास फायबरग्लासच्या गुळगुळीत लेपाला तडा जातो, म्हणून तो रॅम्पच्या काँक्रीटवर फोडावा, असा शास्त्रार्थ सुचवता येईल. या धामधुमीत होडीच्या मागील बाजूस पाणी काढण्यासाठी असलेल्या भोकाचे बूच लावायचे राहते. बुगेर, मेटासेंटर, रुंदीचा घन, हे सारे त्या बुचापुढे गौण असते.

कोणाला कोठे बसवावे, हा प्रश्न शेवटी उरतो, आणि त्यात सर्वाधिक काळजी आजींविषयी केली जाते. त्यांना नेऊ नये, त्यांचा तोल जाईल, त्यांना सरकता येणार नाही, असे सर्वांचे मत असते. आजी जीवरक्षक जाकीट नऊवारीवर बांधून घेतात, काठावरच्या अरुंद बाकाकडे एकवार अविश्वासाने पाहतात, आणि होडीच्या तळाशी, मधोमध, मांडी घालून बसतात. नौकाशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाने सुमारे साठ किलोंच्या नीरमासाठी याहून चांगली जागा सुचवलेली नाही. बूम त्यांच्या डोक्यावरून जाते, मुले त्यांच्या दोन्ही अंगांना टेकतात, आणि बाहेर वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्यांना सरकण्याची विनंती करण्याचे धैर्य कोणाला होत नाही. काही वेळाने त्या डब्याचे झाकण उघडतात.